शेतजमीन विकली, मग मोटारीचं कनेक्शन कुणाचं?

खरेदीखत नोंदलं जातं, फेरफार मंजूर होतो, सातबारावर नवं नाव चढतं. पण विहिरीवरच्या मोटारीचं वीजबिल जुन्या मालकाच्याच नावाने येत राहतं. कुणी ते बदलायच्या फंदात पडत नाही, कारण मोटार चालू असते. मग एक दिवस थकबाकीसाठी लाईनमन केबल सोडवून जातो, जुना मालक मीटर बंद करण्याचा अर्ज देतो किंवा शेजारचा भाऊबंद पाईपलाईन उखडतो. ऐन पिकाला पाणी हवं असताना भांडण उभं राहतं आणि तेव्हा कळतं, की खरेदीखतात याबद्दल एक ओळही नाही.

महाराष्ट्रात कृषिपंपाचं पारंपरिक वीज कनेक्शन आता पूर्वीइतकं सहज मिळत नाही. नव्या अर्जदारांना सौर पंपाकडे वळवण्यावर सरकारचा भर आहे. त्यामुळे शेतात आधीपासून असलेलं कनेक्शन हा जमिनीच्या किमतीचाच भाग बनला आहे आणि त्यावरचे वादही वाढीव किमतीचे झाले आहेत.

कनेक्शन माणसाचं की जमिनीचं?

बिलावर नाव माणसाचं असतं, पण वीजपुरवठा मंजूर होतो तो विशिष्ट जागेसाठी. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेच्या मालकाने किंवा तिचा ताबा असलेल्या व्यक्तीने अर्ज केला, की त्या जागेला वीज देणं ही वितरण कंपनीची जबाबदारी आहे. म्हणजे ग्राहक होण्याचा हक्क जागेशी असलेल्या नात्यातून येतो. जमीन विकली की ते नातं संपतं.

म्हणूनच विकणाऱ्याला 'जमीन तुझी, मीटर माझं' असं म्हणून कनेक्शन दुसऱ्या गावच्या शेतात नेता येत नाही. कनेक्शन ही बैलजोडीसारखी सोबत न्यायची वस्तू नाही. त्याला आपल्या दुसऱ्या शेतात वीज हवी असेल, तर त्या शेतासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

उलट बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. बिलावर नाव असणं हा जमिनीच्या मालकीचा पुरावा नाही. नाव बदललं म्हणून कुणी मालक होत नाही आणि बदललं नाही म्हणून कुणाची मालकी जात नाही. सातबारावरच्या नोंदींबद्दलही न्यायालयांनी हेच वारंवार सांगितलं आहे: महसुली नोंद कर आणि वसुलीच्या सोयीसाठी असते, मालकी ठरते ती दस्तावरून आणि वारसाहक्कावरून.

जुन्या मालकाची सही लागतेच का?

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. 'जुना मालक संमतीपत्रावर सही देत नाही, म्हणून नाव बदलत नाही' ही तक्रार गावोगाव ऐकू येते. काही जण सहीसाठी वेगळे पैसेही मागतात.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या वीजपुरवठा संहितेत यावर स्पष्ट तरतूद होती. नाव बदलण्याच्या अर्जासोबत आधीच्या ग्राहकाचं संमतीपत्र जोडावं. ते नसेल, तर जागेच्या मालकीचा पुरावा, नोंदणीकृत दस्त, वाटणी झाली असल्यास वाटणीपत्र किंवा वारसा प्रमाणपत्र यांपैकी एक कागद चालतो. अर्ज आल्यानंतर दुसरं बिलिंग चक्र संपण्याआधी नाव बदलायचं, अशी मुदतही त्यात होती. २०२१ मध्ये आयोगाने पुरवठा आणि सेवेचा दर्जा या दोन्हींसाठी एकत्र नवी नियमावली आणली. आज अर्ज करताना तिचा आधार घ्यावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये 'दिलीप विरुद्ध सतीश' या प्रकरणात सांगितलं, की वीज ही मूलभूत सुविधा आहे आणि घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. वीज कंपनीने पाहायचं ते इतकंच, की अर्जदाराचा त्या जागेवर ताबा आहे का. हे प्रकरण भाडेकरूचं होतं, पण ज्याच्याकडे नोंदणीकृत खरेदीखत आहे त्याची बाजू त्याहून मजबूत असते.

मात्र केवळ साठेखत झालं असेल किंवा व्यवहार स्टॅम्प पेपरवर नोटरी करून झाला असेल, तर चित्र बदलतं. साठेखताने मालकी मिळत नाही. ताबा सिद्ध करता आला तर पुरवठा मागता येतो, पण आधीच्या ग्राहकाने हरकत घेतली की कंपनी सहसा थांबते आणि प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जातं.

जुनी थकबाकी कुणी भरायची?

वादाचं खरं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. कृषिपंपांची बिलं वर्षानुवर्षं तुंबलेली असतात. जमीन घेणारा सातबारावरचा बँकेचा बोजा तपासतो, पण वीजबिल पाहत नाही. आणि वीज थकबाकी सातबारावर दिसेलच असं नसतं.

कायद्याची वाटचाल समजून घेतली तर आजची स्थिती कळते. १९९५ मध्ये 'ईशा मार्बल्स' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की लिलावात मालमत्ता घेणाऱ्याचा आधीच्या ग्राहकाच्या वीज कराराशी संबंध नाही, म्हणून जुनं बिल त्याच्याकडून वसूल करता येत नाही. त्यानंतर अनेक राज्यांनी आपल्या नियमांत तशी तरतूद घातली आणि वाद पुन्हा उभे राहिले.

१९ मे २०२३ रोजी 'के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ' या निकालात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अशा १९ प्रकरणांचा एकत्र विचार केला. त्यातले तीन मुद्दे शेतकऱ्याच्याही कामाचे आहेत.

पहिला, पुरवठा संहितेत तशी अट असेल, तर नव्या मालकाला वीज देण्याआधी जुनी थकबाकी भरायला सांगता येते. दुसरा, कायद्यात किंवा नियमांत तशी तरतूद असल्याशिवाय वीज थकबाकी आपोआप जमिनीवरचा बोजा ठरत नाही. तिसरा, 'आहे तिथे, आहे तशा स्थितीत' या अटीवर लिलावात मालमत्ता घेणाऱ्याने वीज थकबाकीची चौकशी आधीच करणं अपेक्षित आहे. नंतर 'मला माहीत नव्हतं' हा बचाव टिकत नाही.

महाराष्ट्रात अशी तरतूद आहे. २००५ च्या संहितेनुसार आधीच्या मालकाची किंवा मृत ग्राहकाची न भरलेली रक्कम जागेवरचा बोजा ठरते आणि नव्या मालकाकडून किंवा वारसांकडून वसूल करता येते. पण तिला एक महत्त्वाची मर्यादा आहे: कनेक्शन वारसाकडे जात नसेल, तर नव्या मालकावर येणारी जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकबाकीपुरती. २०२१ च्या नियमावलीतही हीच चौकट पुढे आली.

समजा, एका विहिरीवरच्या मोटारीचं बारा वर्षांचं बिल थकलं आहे. ती जमीन परक्याने विकत घेतली, तर त्याच्याकडून सहा महिन्यांचीच थकबाकी मागता येते. उरलेली रक्कम कंपनीने जुन्या ग्राहकाकडून वसूल करायची. तीच जमीन वडिलांकडून मुलाकडे वारसाने आली, तर सहा महिन्यांची सवलत नाही. संपूर्ण थकबाकी त्याच्यामागे येते.

'दोन वर्षांहून जुनं बिल कायद्याने माफ होतं' असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. ते अर्धवट आहेत. कलम ५६(२) मध्ये दोन वर्षांची मर्यादा आहे खरी, पण थकबाकी प्रत्येक बिलात सतत दाखवली जात असेल, तर ती मर्यादा लागू होत नाही. कृषिपंपाच्या बिलांवर मागील बाकी सहसा दाखवलेलीच असते. शिवाय २०२३ च्या निकालानुसार ही मर्यादा वीज तोडण्याच्या अधिकारापुरती आहे. दिवाणी मार्गाने वसुली त्यामुळे बंद होत नाही.

मोफत विजेच्या योजनेबद्दलही असाच गोंधळ आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं चालू बिल सरकार भरतं. ही जुन्या बाकीची माफी नाही. चालू बिल शून्य दिसलं म्हणून जुना आकडा पुसला गेला, असं समजून जमीन घेणं महागात पडू शकतं.

विकणाऱ्याने मोटार काढून नेली तर?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ८ नुसार जमिनीची विक्री झाली, की वेगळं काही ठरलेलं नसेल तर तिच्याशी जोडलेले सुविधाधिकार आणि जमिनीला कायमच्या जखडलेल्या वस्तूही नव्या मालकाकडे जातात. विहीर, तिचं बांधकाम आणि जमिनीत पुरलेली पाईपलाईन यांबद्दल फारसा वाद होत नाही.

मोटार, स्टार्टर, केबल आणि वरचे पाईप यांबद्दल मात्र होतो. वस्तू जमिनीला किती घट्ट जोडलेली आहे आणि ती जमिनीच्या कायमच्या उपयोगासाठी बसवली होती का, या दोन गोष्टींवर न्यायालय निर्णय देतं. पाणबुडी मोटार दोरीला बांधून वर काढता येते, म्हणून ती आपलीच, असं विकणारा म्हणतो. मोटारीशिवाय विहीर काय कामाची, असं घेणारा म्हणतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असतं, म्हणून उत्तर खरेदीखतातच असायला हवं.

जुन्या पद्धतीच्या खरेदीखतांत 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह' अशी ठरीव ओळ असते. तिच्यात पाणी येतं, पण मोटार, मीटर आणि ग्राहक क्रमांक येत नाही. त्यासाठी दस्तात वेगळं वाक्य हवं.

विक्रीनंतर जुन्या मालकाने कनेक्शन कायमचं बंद करण्याचा अर्ज दिला तर? कंपनीच्या नोंदीत तोच ग्राहक असल्यामुळे असा अर्ज स्वीकारला जाऊ शकतो. एकदा कनेक्शन कायमचं बंद झालं, की नव्याने रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून खरेदीखत होताच, नाव बदलायला वेळ लागणार असला तरी, उपविभागीय कार्यालयात दस्ताची प्रत जोडून लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.

विहीर सामाईक, मीटर एकाच्या नावावर

आजोबांच्या काळची विहीर, चार भावांचे चार-चार आणे हिस्से, मोटार आणि मीटर थोरल्याच्या नावावर, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. ही व्यवस्था तोंडी चालते आणि एका भावाने आपला तुकडा परक्याला विकला की मोडते. मग प्रश्न येतो, की नव्या माणसाला पाळी मिळणार का?

उत्तर त्या भावाने काय विकलं यावर अवलंबून आहे. दस्तात विहिरीतला हिस्सा आणि पाण्याची पाळी स्पष्ट लिहिली असेल, सातबाराच्या इतर हक्कांत तशी नोंद असेल, तर नव्या मालकालाही तो हक्क मिळतो. मीटर कुणाच्या नावावर आहे यावर विहिरीतला हिस्सा ठरत नाही. पण दुसऱ्याच्या मोटारीवर आणि मीटरवर आपोआप हक्क मिळत नाही. हिस्सेदार स्वतःची मोटार बसवून स्वतंत्र कनेक्शन मागू शकतो. अशा वेळी कंपनी बहुधा इतर हिस्सेदारांची संमती मागते आणि पुन्हा भाऊबंदकी आडवी येते.

पाळी जबरदस्तीने बंद केली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ उपयोगी पडतं. शेतीसाठी वापरलं जाणारं विहीर, तलाव, कालवा किंवा पाट यांचं पाणी बेकायदा हिरावलं गेलं असेल, तर तहसीलदार ते पुन्हा सुरू करून देण्याचा आदेश देऊ शकतात. अट एकच: घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. 'बघू, बसून मिटवू' म्हणत हंगाम निघून जातो आणि ही मुदतही निघून जाते.

पाईपलाईन दुसऱ्याच्या शेतातून

नदीकाठी जॅकवेल, तिथून दोन-तीन किलोमीटर पाईपलाईन आणि मध्ये आठ-दहा जणांची शेतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात हे नेहमीचं चित्र आहे. मधलं शेत विकलं जातं आणि नवा मालक म्हणतो, 'माझ्या खरेदीखतात तुमची पाईपलाईन नाही.'

इथे पाईप कशाच्या जोरावर टाकली होती हे पाहावं लागतं. नोंदणीकृत करार असेल, तर प्रश्न सोपा. केवळ तोंडी परवानगी असेल, तर ती एरवी मागे घेता येते. पण भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६० नुसार त्या परवानगीच्या भरवशावर कायमस्वरूपी काम करून खर्च केला असेल, तर ती सहज रद्द करता येत नाही. उघडपणे, शांततेने आणि हक्क म्हणून सलग २० वर्षं वापर झाला असेल, तर कलम १५ प्रमाणे सुविधाधिकार मिळू शकतो. एकाच मालकाच्या जमिनीचे तुकडे पडून हा प्रश्न आला असेल, तर कलम १३ मधली गरजेची तरतूद लागू होऊ शकते.

यांपैकी काहीच नसेल, तरी एक रस्ता उरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ नुसार शेतीसाठी पाणी नेण्याकरता दुसऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा पाईप नेण्याची परवानगी मागता येते. अर्जदाराचा पाण्याच्या स्रोतावर हक्क असला पाहिजे. पाईप शक्यतो जवळच्या मार्गाने, जमिनीखाली किमान अर्धा मीटर खोल टाकावी लागते, आणि शेजाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते.

उपसा सिंचन संस्थांच्या बाबतीत आणखी एक काळजी लागते. पाणी संस्थेच्या सभासदाला मिळतं आणि संस्थेच्या कर्जाचा बोजा अनेकदा सभासदांच्या सातबारावर असतो. जमीन घेतली म्हणजे सभासदत्व आपोआप नावावर झालं, असं धरून चालू नये.

खांब आणि केबल अडवली तर?

शेजारच्या शेतातून वीजवाहिनी नेण्यासाठी वितरण कंपनीला जागामालकाची संमती लागते. तो नकार देत असेल, तर २००६ च्या परवानाधारकांच्या कामांविषयीच्या नियमांनुसार कंपनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊ शकते. 'शेजारी ऐकत नाही, आम्ही काय करणार' हे कंपनीचं शेवटचं उत्तर असू शकत नाही. परवानगीसाठी प्रस्ताव पाठवणं तिच्या हातात असतं.

कनेक्शन शेतीचं, वापर भलताच

जमीन घेतल्यावर तिथे हॉटेल, गोदाम किंवा प्लॉटिंग सुरू झालं आणि वीज मात्र कृषिपंपाच्या मीटरवरूनच ओढली, तर कलम १२६ लागू होतं. मंजूर कारणाऐवजी दुसऱ्या कारणासाठी किंवा मंजूर जागेऐवजी दुसऱ्या जागेसाठी वीज वापरणं हा अनधिकृत वापर आहे. त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते आणि कालावधी निश्चित करता आला नाही, तर मागील १२ महिन्यांची धरली जाते. अंतिम आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं, पण त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. इथे नियत जुन्या मालकाची की नव्याची, हा प्रश्न नसतो. वापर कुणी केला, हे पाहिलं जातं.

शेतात सौर पंप असेल तर?

'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. बाकीचा भार अनुदानातून उचलला जातो. म्हणून असा संच संपूर्णपणे खासगी वस्तू मानून परस्पर हलवणं किंवा विकणं धोक्याचं आहे. जमीन विकताना संच नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी महावितरणकडे लेखी अर्ज करावा आणि उत्तर येईपर्यंत पॅनेल जागेवरच राहू द्यावेत.

दाद कुठे मागायची?

चुकीच्या दारात गेल्यामुळे या वादांत बराच वेळ वाया जातो.

- नाव बदलणं, थकबाकीची चुकीची मागणी, पुरवठा नाकारणं: आधी वितरण कंपनीकडे लेखी तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच. मंचाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूर इथे आहेत.
- अनधिकृत वापराची किंवा वीजचोरीची आकारणी: हा विषय मंचाच्या कक्षेत येत नाही. कलम १२६ च्या आकारणीविरुद्ध कलम १२७ चं अपील हाच मार्ग. ग्राहक आयोगही अशा तक्रारी ऐकू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये 'अनीस अहमद' प्रकरणात स्पष्ट केलं आहे.
- पाणी अडवलं, पाट मोडला: तहसीलदार, सहा महिन्यांच्या आत.
- नवी पाईपलाईन न्यायची आहे: कलम ४९ खाली महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज.
- मालकी, हिस्सा, सुविधाधिकार, दस्तातल्या अटी: दिवाणी न्यायालय. पीक वाळत असेल, तर दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज करावा लागतो.

खरेदीआधी काय तपासावं?

- शेवटचं वीजबिल: ग्राहक क्रमांक, नाव, मंजूर भार, मागील बाकी आणि कनेक्शन चालू आहे की कायमचं बंद.
- बिलावरचं नाव मृत व्यक्तीचं असेल, तर विकणाऱ्याने आधी वारसाचं नाव लावून घ्यावं.
- मीटर आणि विहीर प्रत्यक्ष कोणत्या गटात आहे. बांधापलीकडच्या गटात निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.
- सातबारावरचे इतर हक्क, विहिरीतला हिस्सा आणि संस्थेचा बोजा.
- खरेदीखतात ग्राहक क्रमांक, मोटारीची अश्वशक्ती, पाईपलाईनचा मार्ग, पाण्याची पाळी आणि 'आजपर्यंतची थकबाकी विकणाऱ्याने भरायची' असं वाक्य.
- खरेदीच्या दिवशीच नाव बदलण्याच्या अर्जावर आणि संमतीपत्रावर विकणाऱ्याची सही.

यातला थकबाकीचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. विकणाऱ्याने बाकी भरायची, असं दस्तात लिहिलं तरी ते वितरण कंपनीवर बंधनकारक नसतं. नियमाप्रमाणे तिचं येणं असेल, तर ती नव्या मालकाकडे मागू शकते. दस्तातल्या वाक्याचा उपयोग असा, की भरलेली रक्कम नव्या मालकाला विकणाऱ्याकडून परत मागता येते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे थकबाकीचा आकडा आधी काढून तेवढी रक्कम किमतीतून वळती करणं आणि ती थेट बिलात भरून पावती दस्ताला जोडणं.